वाघोटणची खाडी : खारेपाटणपासून विजयदुर्गापर्यंत

विजयदुर्गाला जाणारे बहुतेक जण तळेऱ्याला महामार्ग सोडतात, पडेलवरून थेट किल्ला गाठतात, तटावरून समुद्र पाहतात आणि परततात. किल्ला ज्या खाडीच्या तोंडावर बांधला ती खाडी पाठीमागेच राहते. समुद्राजवळ तिला विजयदुर्गची खाडी म्हणतात, मध्ये वाघोटणची आणि वरच्या अंगाला खारेपाटणची. वळणावळणांनी मोजली तर साधारण चाळीस किलोमीटर. बऱ्याच अंतरापर्यंत एका काठाला सिंधुदुर्ग जिल्हा आणि समोर रत्नागिरी. कोकणातल्या मोठ्या खाड्यांपुढे ही लहानच. पण हिच्या काठावर हजार वर्षांत बंदर दोनदा जागा बदलून गेलं आहे: आधी खारेपाटण, मग वाघोटण, मग विजयदुर्ग. दर वेळी ते समुद्राच्या दिशेनं खाली सरकलं. ते का सरकलं हे पाण्याच्या कडेनं जाऊन बघावं, असं फार दिवस मनात होतं.

बरोबर मामेभाऊ होता. माघी पौर्णिमा धरून निघालो, कारण त्या दिवसांत उधाण असतं आणि खाडी आपलं पूर्ण रूप दाखवते. शिवाय माघात नदीला डोंगराचं पाणी कमी असतं, त्यामुळे जे काही हलतं ते समुद्राचंच, हे ओळखणं सोपं जातं.

पहिला दिवस : डोंगर आणि खारेपाटण

वैभववाडीला पहाटे गाडीतून उतरलो ते आधी नापण्याच्या धबधब्याकडे गेलो. कोकणातले बहुतेक धबधबे दिवाळीनंतर आटतात, हा बारमाही. वर नाधवड्याकडे जमिनीतून उमाळे फुटतात, त्यांचं पाणी इथे कड्यावरून पडतं आणि पुढे आपल्या खाडीला मिळतं. फार वेळ थांबलो नाही. बघायचं होतं ते पूर्वेला होतं: गगनबावड्याची सह्याद्रीची भिंत. त्या माथ्यावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. तिथून समुद्र सरळ रेषेत पन्नास-साठ किलोमीटरवर. एवढा पाऊस, एवढा उतार आणि एवढं कमी अंतर. नदीला गाळ टाकून विसावायला वाटेत मैदानच नाही. डोंगरावरून सुटलेली माती थेट खाडीच्या डोक्यात येऊन पडते. या प्रवासात पुढे जे जे दिसलं त्याचं मूळ या उतारात आहे.

खारेपाटणला पोचलो तेव्हा अकरा वाजून गेले होते. मुंबई-गोवा महामार्ग इथे शुक नदी ओलांडतो. जुना ब्रिटिश काळातला दगडी पूल आहे आणि शेजारी चौपदरी रस्त्याचा नवा. आम्ही जुन्या पुलाच्या कठड्याशी उभे राहिलो. पात्रात पाणी कमी, मधे गाळाची बेटं, काठाला लव्हाळी. वरवर पाहता ही कुठलीही कोकणातली नदी वाटेल.

पौर्णिमेला इथल्या किनाऱ्यावर भरती बाराच्या सुमारास पूर्ण होते. खाडीकाठच्या लोकांचा हिशेब साधा असतो: तिथीची पाऊणपट करायची, तितके तास बाराच्या पुढे मोजायचे. द्वितीयेला दीड, चतुर्थीला तीन. हा हिशेब तोंडाचा. वर आत पाणी पोचायला आणखी वेळ लागतो. बारा वाजून गेले तरी खारेपाटणला पाणी चढतच होतं. पाण्यावर पडलेलं एक सुकं पान आम्ही नजरेनं धरून ठेवलं. ते हळूहळू पुलाखालून डोंगराच्या दिशेनं गेलं. नदी उलटी वाहत होती. मामेभाऊ म्हणाला, "ताई, म्हणजे हे पाणी विजयदुर्गाचं?" त्यातलं बरंचसं खाडीतलंच मागे रेटलेलं पाणी असतं, पण रेटणारा समुद्र होता हे खरं. दीडच्या पुढे कधीतरी ते थांबलं, थोडा वेळ तसंच राहिलं, आणि मग पान ज्या वाटेनं गेलं होतं त्या वाटेनं पाणी परत निघालं.

समुद्रापासून इतक्या आत भरती का येते, त्याचं उत्तर हिमयुगाशी जाऊन भिडतं. शेवटचं हिमयुग ओसरल्यावर जगभर बर्फ वितळला, समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त वाढली आणि कोकणातल्या नद्यांची तोंडाकडची खोल दरी पाण्याखाली गेली. सहा-सात हजार वर्षांपूर्वी पातळी जवळपास आजच्या इतकी झाली. तेव्हापासून एकीकडे समुद्रानं दरी व्यापलेली आणि दुसरीकडे नदी तीच दरी गाळानं भरत आलेली. खारेपाटण हे त्या दोघांच्या सीमेवरचं गाव. म्हणूनच ते बंदर झालं आणि म्हणूनच बुजलं.

बंदर होतं याचा पुरावा तांब्यावर कोरलेला आहे. खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३० चा, म्हणजे इसवी सन १००८ चा. त्यात दक्षिण कोकणच्या शिलाहारांची सणफुल्लापासूनची दहा पिढ्यांची वंशावळ आहे, आणि रट्टराज हा चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक असल्याचं नमूद आहे. अव्वेश्वराच्या देवळासाठी शैव आचार्यांना गावं दिली त्याची ही सनद. मला मात्र त्यातला जहाजांचा मजकूर महत्त्वाचा वाटतो. द्वीपांतरातून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे एक गद्याण सोनं आणि कंदलमूलीयहून येणाऱ्या जहाजामागे एक धरण, असं उत्पन्न देवाला लावून दिलं आहे. गद्याण आणि धरण ही तेव्हाची सोन्याची मापं. चेमूल्य आणि चंद्रपूर इथली जहाजं त्यातून वगळली आहेत. चेमूल्य म्हणजे आपलं चौल, चंद्रपूर म्हणजे गोव्यातलं चांदोर. जहाजं नियमित येत असल्याशिवाय असं नेमून दिलेलं उत्पन्न कुणी सनदेत घालत नाही.

दुसरा खारेपाटणचाच ताम्रपट शके १०१६ चा, उत्तर कोकणचा शिलाहार राजा अनंतदेव याचा. भाभण श्रेष्ठी आणि धणाम श्रेष्ठी या दोघा भावांच्या जहाजांना ठाणे, सोपारा, चौल, नागाव अशा बंदरांत जकात माफ केल्याची ती सनद. हे भाऊ बलिपत्तनचे. बलिपत्तन म्हणजेच खारेपाटण, असं काही अभ्यासकांचं मत आहे. ते तसं असो-नसो, ताम्रपट इथे सापडले यावरून या काठाला दर्यावर्दी व्यापाऱ्यांची ये-जा होती एवढं पक्कं. पुढे सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बार्बोसा हा पोर्तुगीज प्रवासी लिहितो तेव्हा मात्र हे छोटं ठिकाण झालेलं आहे. मलबारची तारवं इथून स्वस्त तांदूळ आणि भाजीपाला भरून नेत. पाचशे वर्षांत सोन्यावरून तांदळावर उतार.

दुपारी गावात फिरलो. किल्ल्याची टेकडी लहान, तट जवळपास नाहीसा झालेला, वर दुर्गादेवीचं देऊळ. गावात जैन मंदिर आहे. त्यातली काळ्या पाषाणाची मूर्ती नदीच्या पात्रात मिळाली असं सांगतात. कोकणच्या या भागात जैन मंदिर विरळाच, आणि इथे ते असणं हीसुद्धा जुन्या व्यापाराचीच खूण मानायला हरकत नाही. बाजारपेठेत एका म्हाताऱ्या गृहस्थांनी दुकानाच्या भिंतीवर हात ठेवून पुराच्या खुणा दाखवल्या. पावसाळ्यात अतिवृष्टीचं पाणी डोंगरातून उतरतं आणि नेमकी त्याच वेळी उधाणाची भरती असली की ते पुढे जाऊच शकत नाही. पात्र उथळ, मग पाणी पेठेत शिरतं. ते म्हणाले, "पूर नदीचो, पण तो थांबवता दर्या." अभियंत्यांचे अहवाल हेच पानंच्या पानं लिहून सांगतात.

दुसरा दिवस : पोंभुर्ले, खारजमिनी, वाघोटण

सकाळी पोंभुर्ल्याला गेलो. खाडीपासून थोडी वाकडी वाट, पण ती चुकवणं शक्य नव्हतं. मराठीतलं पहिलं वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ ला काढणारे बाळशास्त्री जांभेकर या गावचे. गावात त्यांचं स्मारक आहे, पत्रकार मंडळी जानेवारीत जमतात. पण फार कमी जणांना माहीत असतं की काल ज्याची गोष्ट सांगितली तो रट्टराजाचा ताम्रपट वाचून अभ्यासकांपुढे प्रथम मांडला तो याच बाळशास्त्र्यांनी. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो आला. एका खाडीच्या काठी सापडलेला लेख त्याच खाडीच्या परिसरात जन्मलेल्या माणसानं वाचावा, आणि तोही इतिहास-संशोधन म्हणून मराठी माणसाच्या हाती काही साधन नव्हतं अशा काळात, याचा मला मनापासून अभिमान वाटतो. १८४६ मध्ये, चौतिसाव्या वर्षी ते गेले. स्मारकात ताम्रपटाची एक प्रतिकृती लावावी, असं तिथे भेटलेल्या शिक्षकांना सुचवून आले.

तिथून कोर्ले, धालवली या बाजूनं खाडीच्या अंगाअंगानं खाली आलो. रस्ता सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावर चढतो, पुन्हा पाण्याशी उतरतो. सड्यावर जांभा, करपलेलं गवत, मधूनमधून आंब्या-काजूच्या बागा, मोहोर भरात. खाली उतरलं की हवाच बदलते. इथे काठाला खारजमिनी आहेत. पूर्वजांनी मातीचे आणि दगडाचे बांध घालून भरतीचं पाणी अडवलं आणि आत भातशेती केली. बांधाला उघाडी असते: ओहोटीला तिचं दार आतल्या पाण्यानं ढकललं जाऊन उघडतं, भरतीला बाहेरच्या पाण्यानं दाबून मिटतं. माणसाला हात लावावा लागत नाही. पावसाचं गोडं पाणी मिठाला धुऊन बाहेर काढतं आणि मग खाऱ्या मातीतही पीक उभं राहतं. आम्ही पाहिलेल्या दोन ठिकाणी बांध फुटलेला होता. आत पुन्हा खारं पाणी शिरून चिपी आणि तिवर या खारफुटीच्या झाडांची रोपं उगवली होती. शेत गेलं याची हळहळ एका काकूंनी बोलून दाखवली. पण त्याच सांगत होत्या की आता तिथे कुर्ल्या आणि तिसरे चांगले मिळतात. जमीन कुणाची म्हणायची, शेताची की खाडीची, हे इथे प्रत्येक पिढीला नव्यानं ठरवावं लागतं.

संध्याकाळी वाघोटण. खाडी इथे चांगलीच रुंद होते. खारेपाटण उथळ झाल्यावर मोठी गलबतं जेवढी वर येऊ शकत तेवढी ती इथवर येत. एकोणिसाव्या शतकात घाटावर जाणारा माल इथे उतरे आणि फोंडा घाटातून निपाणीकडे बैलगाड्यांनी चढे. वरून गूळ, तंबाखू, धान्य खाली येई. मीठ, खजूर, नारळ, सुकी मासळी वर जाई. गावातली जुनी घरं पाहिली की ती पैशाच्या काळात बांधलेली आहेत हे कळतं: जाड जांभ्याच्या भिंती, मोठी माडी, पाण्याकडे तोंड. रस्त्याकडे घराची पाठ, कारण बांधलं तेव्हा येणारा माणूस पाण्यातून येणार होता.

तिसरा दिवस : सुकतीबरोबर खाली

होडी आदल्या संध्याकाळी ठरवली होती. तांडेल साठीच्या पुढचे, खाडीवरच जन्म गेलेला. मी लवकर निघूया म्हणाले तर त्यांनी मान हलवली. "आता नको बाय. भरती पुरी होवंदे. सुकती लागली काय पाणीच आपल्याक घेवन जाता." सुकती म्हणजे ओहोटी. द्वितीया होती, तोंडाला भरती दीडला, इथे त्याहून उशिरा. अडीचच्या पुढे निघालो. इंजिन होतं, पण वळणावर पोचलं की ते बारीक करत आणि होडी नुसत्या ओढीनं जाई.

पाण्यावरून खाडी वेगळीच कळते. काठावरून ती एक रुंद पट्टी दिसते. होडीत बसलं की लक्षात येतं की खोल पाण्याची वाट त्या पट्टीतली एक अरुंद, नागमोडी नाळ आहे. वळणाच्या बाहेरच्या अंगाला प्रवाह काठ खातो, तिथे पाणी खोल. आतल्या अंगाला तो मंदावतो, तिथे गाळ बसतो. तांडेल कधी या काठाला तर कधी त्या काठाला होडी घालत होते ते त्यामुळे. कुठे खुणेचं झाड, कुठे देवळाचा कळस, कुठे समोरच्या डोंगरातली खाच. नकाशा सगळा डोक्यात. एका जागी त्यांनी लांब बांबू पाण्यात खुपसला. अर्ध्याहून कमी बुडाला. "माझ्या लहानपणी हय बांबू टेकत नाय होतो. मोठे पडाव सरळ जायत. आता मोठ्या सुकतीक माणूस चलत जाता."

गाळ का वाढला, यावर त्यांची कारणं स्पष्ट होती आणि ती मला पटतात. डोंगरावरची झाडं गेली. सड्यावर यंत्रानं जमीन खरवडून बागा आणि रस्ते झाले, त्या लाल मातीला धरून ठेवणारं काही उरलं नाही. दुसरीकडे वाळूचा उपसा झाला की काठ ढासळतात, आणि ढासळलेली माती पुन्हा पात्रातच येते. नैसर्गिक गाळ हजारो वर्षं येतच होता. खारेपाटण बुजलं त्यात यंत्रांचा काही हात नव्हता. पण जे काम नदी शतकांत करत होती ते एका माणसाच्या आयुष्यात डोळ्यांदेखत घडावं, हे वेगळं आहे. ते वेगळं आहे हे आपण मान्य केलं पाहिजे.

दोन्ही काठांना कांदळवन. कांदळाची कमानदार मुळं, चिपीची चिखलातून वर आलेली टोकदार श्वासमुळं, मागे तिवर. ओहोटी लागल्यावर मुळं एकेक वीत उघडी पडत गेली आणि त्यांवर चिकटलेली कालवं दिसू लागली. खंड्या तर किती! एका सुक्या फांदीवर समुद्री गरुड बसलेला, पांढरं पोट उन्हात. आमच्या होडीकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही. तांडेल म्हणाले की तांबोशी पावसाच्या तोंडावर या मुळांतच शिरते. कांदळ तोडलं तर वर्षभरात मासळी कमी होते हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं, आणि गाळाचा लोंढा अडवायलाही हीच झाडं पहिली उभी असतात.

उजवीकडे रत्नागिरी जिल्हा, नाणारची बाजू. इथल्या आणि समोरच्या गिर्ये-रामेश्वरच्या जमिनीवर प्रचंड तेलशुद्धीकरण प्रकल्प यायचा होता. २०१७ मध्ये अधिसूचना निघाली, गावं विरोधात उभी राहिली, मार्च २०१९ मध्ये तो इथून रद्द झाला. तांडेलांनी इंजिन बंद करून एवढंच सांगितलं, "ह्या सगळा जाणारा होता." मी दोन्ही बाजूंची मतं ऐकली आहेत; रोजगाराचा प्रश्न खरा आहे आणि या काठावरची तरुण मुलं मुंबईला जातात हेही खरं. पण अडीच मीटर चढउताराची भरती दिवसातून दोनदा जिथे आत-बाहेर करते, तिथे तोंडाशी सांडलेलं काहीही काही तासांत खारेपाटणच्या दिशेनं वर येणार, हे या खाडीत बसून दिसतं. निर्णय घेणाऱ्यांनी एकदा तरी या होडीतून जावं.

साडेचारनंतर खाडी मोठी होत गेली, वारा पश्चिमेचा लागला, पाण्याला लाटा आल्या. सुकती बाहेर ओढत होती आणि वारा आत ढकलत होता, त्यामुळे होडी चांगलीच आदळू लागली. मग डावीकडे एकाएकी किल्ला. जमिनीवरून येताना विजयदुर्ग हळूहळू कळतो. पाण्यावरून येताना तो सगळाच्या सगळा एकदम समोर उभा राहतो, एकामागे एक चढत गेलेले तिहेरी तट, बुरूज थेट पाण्यातून वर आलेले. शत्रूला तो असाच दिसला असणार. धक्क्यावर उतरलो तेव्हा मासेमारीच्या होड्या रात्रीच्या तयारीत होत्या.

चौथा दिवस : आंग्र्यांची गोदी आणि किल्ला

मुद्दाम सकाळी आठ गाठले, कारण तेव्हा पूर्ण ओहोटी. गिर्ये गावाच्या हद्दीत, किल्ल्यापासून खाडीनं दोन-तीन किलोमीटर आत, एका आडबाजूच्या कोनात आंग्र्यांची गोदी आहे. या सगळ्या प्रवासात मला सर्वांत जास्त हीच बघायची होती. जांभ्याचा कातळ खोदून केलेलं साधारण ११० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असं मोठं कुंड, खाडीकडे अरुंद तोंड. भरतीला गलबत पाण्याबरोबर आत घ्यायचं, तोंड बंद करायचं. ओहोटीला पाणी बाहेर काढलं की जहाज कोरड्यावर. मग त्याच्या बुडाला लागलेले शिंपले खरवडायचे, लाकूड बदलायचं, डांबर-तेल लावायचं, आणि पुढच्या उधाणाला पुन्हा पाण्यात. पंप नाही, यंत्र नाही. परवा ज्या उघाडीनं शेत राखलं जातं ते पाहिलं, त्याच भरती-ओहोटीच्या ताकदीवर इथे आरमार राखलं जात होतं.

जागेची निवड बघून थक्क व्हायला होतं. समुद्रावरून ही गोदी दिसतच नाही. पावसाळी वारा इथवर पोचत नाही. आणि शत्रूला इथे यायचं तर आधी किल्ल्याच्या तोफांखालून जावं लागणार. खाडीचं तोंडही तसंच भाग्याचं: पुष्कळ कोकणी खाड्यांच्या मुखाशी वाळूचा दांडा असतो, इथे तो नाही. ऐन पावसाळ्यातही मोठी जहाजं आत येऊन सुरक्षित राहू शकत, म्हणून ब्रिटिश नोंदींतही पश्चिम किनाऱ्यावरच्या उत्तम बंदरांत याची गणना होते. गाळानं वरची दोन बंदरं बुजवली. तोंडाशी समुद्राच्या रेट्यानं आणि ओहोटीच्या ओढीनं खोली राखली. कान्होजी आंग्र्यांचं आरमार इथे का रुजलं याचं अर्धं उत्तर यात आहे. १७१७ मध्ये इंग्रज येऊन परतले. १७२० मध्ये त्यांनी तोफांसाठी खास तरता तराफा बांधून आणला, तरीही हात हलवत गेले. १७२४ मध्ये डच आले, त्यांचंही तेच झालं.

किल्ला पडला तो आपल्याच दुहीनं. तुळाजी आंग्रे आणि नानासाहेब पेशवे यांचं बिनसलं आणि पेशव्यांनी इंग्रजांना हाताशी धरलं. फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह आरमार घेऊन आले, खाडीत शिरले आणि तोफा डागल्या. आंग्र्यांची जहाजं किल्ल्याच्या आसऱ्याला एकमेकांना बांधून उभी होती. त्यांत 'रिस्टोरेशन' हे इंग्रजांकडूनच पूर्वी जिंकलेलं जहाज होतं. त्यावर गोळा पडून आग लागली आणि एका जहाजावरून दुसऱ्यावर करत सगळं आरमार जळालं. दुसऱ्या दिवशी किल्ला पडला. ऑक्टोबरात तह होऊन बाणकोट इंग्रजांना मिळालं आणि विजयदुर्ग पेशव्यांकडे आला. किल्ला परत मिळाला, पण त्याच्या पोटातलं आरमार गेलं ते गेलंच. किनाऱ्यावर इंग्रजांना अडवणारी जी एक ताकद उरली होती ती मराठ्यांनी मराठ्यांविरुद्ध इंग्रजांची मदत घेऊन संपवली. धक्क्यावर उभं राहून त्या पाण्याकडे बघताना हे अजूनही लागतं.

त्यानंतर इथेच पेशव्यांचं आरमार धुळपांच्या हाताखाली उभं राहिलं. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी 'रेंजर' हे इंग्रज जहाज लढून पकडलं. विजयदुर्ग गावात धुळपांचा वाडा आहे. १८१८ मध्ये सगळंच इंग्रजांकडे गेलं.

गोदीतून रामेश्वराच्या देवळाकडे चढलो. देवळाकडे उतरणारी वाट जांभ्याच्या उंच कातळातून कोरून काढलेली, दोन्ही बाजूंना भिंती, आणि सुरुवातीलाच संभाजी आंग्र्यांची समाधी. गोदी खोदणाऱ्यांनीच ही वाटही खोदली असावी असं वाटण्याइतकी हत्यारांची धाटणी सारखी दिसली. देवळात जहाजावरची मोठी घंटा आहे, पोर्तुगीज जहाजाची म्हणून दाखवतात.

किल्ल्यावर दुपार गेली. तट, खलबतखाना, भवानीचं देऊळ यांचं वर्णन पुष्कळांनी केलेलं आहे. साहेबाच्या ओट्यांबद्दल, म्हणजे जिथून ग्रहण पाहिलं असं सांगतात त्या चौथऱ्यांबद्दल मात्र लिहायला हवं. १८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास सूर्यग्रहण या पट्ट्यातून दिसलं, आणि नॉर्मन लॉकियर या इंग्रज खगोलशास्त्रज्ञानं हेलियमचा शोध इथे उभं राहून लावला असं सर्रास सांगितलं जातं. लॉकियर तेव्हा इंग्लंडात होता. सूर्याच्या कडेच्या प्रकाशातली ज्या पिवळ्या रेषेवरून हेलियम ओळखला गेला, ती त्यानं तिथूनच, २० ऑक्टोबरला, ग्रहणाशिवाय नोंदवली. ग्रहणाच्या दिवशी यान्सेन हा फ्रेंच शास्त्रज्ञ गुंटूरला होता. या किल्ल्याला खरा इतिहास इतका आहे की त्याला उसन्या गोष्टीची गरज नाही.

तटावर एक भाग २०२० च्या पावसात ढासळलेला. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांत विजयदुर्गाला युनेस्कोचा जागतिक वारसा दर्जा मिळाला, त्यामुळे आता डागडुजीकडे लक्ष राहील अशी आशा आहे. मला काळजी आहे ती गोदीची. तिच्यात गाळ भरला आहे आणि त्यात तिवर वाढलं आहे. गाळ काढायचा म्हणून यंत्रं घातली तर तळाशी दडलेलं लाकूड, खिळे, दोरखंडाचे अवशेष एका दिवसात नष्ट होतील. तसंच सोडलं तर भिंती मुळांनी उकलतील. हे काम पुरातत्त्वज्ञांनी हातानं, एकेक थर मोजत करायचं आहे. गाळात प्राणवायू पोचत नाही, म्हणून लाकूड शतकानुशतकं टिकतं. ज्या गाळानं खारेपाटण आणि वाघोटण बंद पाडलं, त्यानंच इथे आंग्र्यांच्या कारागिरांचं काम झाकून राखलं असण्याची शक्यता आहे.

धक्क्यावर संध्याकाळी एकजण जुन्या आगबोटींचं सांगत होते: बोट खाडीत उभी राहायची, पडावांतून माणसं-सामान जायचं, पुढे लहान लाँच वाघोटणला. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस तीही वाहतूक संपली, आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर लोकांनी पाण्याकडे पाठ फिरवली. आता मुंबईहून रो-रो बोटीची चर्चा सगळ्यांच्या तोंडी आहे. ती आली तर तोंडाशीच थांबेल, कारण वर जायला पाणी उरलेलं नाही. जाऊन बघायचं असेल तर पौर्णिमा किंवा अमावास्या धरून जा, वाघोटणहून होडी ठरवा, आणि निघायची वेळ तांडेलाला ठरवू द्या. गोदीला मात्र पूर्ण ओहोटीलाच गेलं पाहिजे.